हाडाचा वैद्य

माणसाला पाठीचा कणा असतो, हे मला चौथीतच शिकवलं होतं. पण त्याचा प्रत्यक्ष पुरावा मिळायला वयाची त्रेसष्ट वर्षं जावी लागली. मधला बराच काळ मी सरकारी नोकरीत होतो.

पुरावा मिळाला तो तांदळाच्या पोत्यामुळं. आमच्या वडगाव मावळात दोन गोष्टींचा अभिमान बाळगायची वहिवाट आहे. एक म्हणजे १७७९ सालच्या जानेवारीत मराठ्यांनी इंग्रजांच्या फौजेला इथंच कोंडून तह करायला लावला. आणि दुसरी म्हणजे १९८७ साली इंद्रायणी तांदूळ इथल्याच कृषी संशोधन केंद्रातून बाहेर पडला. पहिल्या अभिमानाला वजन नसतं, तो उभ्या उभ्या बाळगता येतो. दुसरा पन्नास किलोचा असतो. मळणी झाल्यावर मेव्हण्यानं आंदर मावळातून एक पोतं पाठवलं, ते टेम्पोवाल्यानं ओटीवर टाकलं आणि तो निघून गेला. ‘शेजारच्या पोराला हाक मारा,’ असं ही आतून म्हणाली. बायकोनं असं म्हटल्यावर कुठला नवरा शेजारच्या पोराला हाक मारतो? मी वाकलो, पोत्याला मिठी मारली, आणि कमरेत कुणीतरी वाळकी काटकी मोडावी तसं काहीतरी झालं. पोतं जागेवरच राहिलं. मीही.

थोड्या वेळानं ही बाहेर आली.

“काय सांडलंय?”

“काही नाही.”

“मग वाकून काय शोधताय?”

“कंबर.”

आपल्याकडे माणूस तापानं फणफणला तर लोक ‘डॉक्टरला दाखवा’ म्हणून मोकळे होतात. कंबर धरली की मात्र आळीतला प्रत्येक माणूस स्वतःच डॉक्टर होतो. तासाभरात आमच्या ओटीवर तीन पक्ष पडले. एकाचं म्हणणं उसण भरली, दुसऱ्याचं म्हणणं चमक निघाली, तिसऱ्यानं तर माझ्याकडे न बघताच मणका सरकल्याचं जाहीर करून टाकलं. उपायांत विटेचा शेक होता, निर्गुडीचा पाला होता, तिळाचं तेल होतं. शेवटी समोरच्या वहिनींनी सभेचा ताबा घेतला. “पायाळू माणूस बघा. तीन लाथा, की उसण गेलीच!”

जन्माला येताना ज्याचं डोकं आधी न येता पाय आधी येतात तो पायाळू. त्याचा पाय कमरेला लागला की उसण पळते, अशी आपल्याकडची जुनी समजूत. वहिनींचा सातवीतला बंड्या पायाळू निघाला. गेल्या आठवड्यात त्याच्या चेंडूनं आमची काच फुटली म्हणून मी त्याच्या वडिलांकडे तक्रार केली होती, हे मला पहिल्या लाथेला आठवलं. दुसऱ्या लाथेला ते त्यालाही आठवलं असावं. तिसरी लाथ बंड्यानं थोडी मागं जाऊन, धावत येऊन मारली. फी म्हणून लोणावळ्याच्या चिक्कीचं आख्खं पाकीट घेतलं. कंबर होती तिथंच होती. मात्र काचेचा हिशेब मिटला.

रात्री अमेरिकेतून भाच्याचा फोन आला.

“मामा, तुम्ही कायरोप्रॅक्टरकडे जा. मी दर महिन्याला जातो. तो असा कट्‌कन मणका वाजवतो ना!”

“तो काय शिकलाय?”

“डॉक्टर ऑफ कायरोप्रॅक्टिक. सरकारी लायसन भिंतीवर लावलंय त्याच्या.”

लायसन हा शब्द ऐकला आणि माझी कंबर सोडून बाकीचं सगळं अंग ताठ झालं. कारण मी चौतीस वर्षं एका कचेरीत परवान्यांच्या टेबलावर काढली आहेत. फटाक्यांच्या दुकानाचा परवाना, हॉटेलचा परवाना, जत्रेतल्या पाळण्याचा परवाना. पाळणा कुरकुरतो का हे मी कधी बघितलं नाही. कागद मात्र चोख बघितले. तेव्हा माणसाचा मणका वाजवायचा परवाना कोण देतं, कुठल्या नमुन्यात देतं आणि नूतनीकरण किती वर्षांनी होतं, हे कळल्याशिवाय मला झोप येणं शक्य नव्हतं. झोप तशीही येत नव्हती.

भाच्यानं फोनवर दोन-चार गोष्टी पाठवल्या, त्या मी पडल्या पडल्या वाचून काढल्या. ही विद्या काढली डॅनियल डेव्हिड पामर नावाच्या गृहस्थानं. एके काळी हा किराणा दुकान चालवायचा. मग चुंबकानं रोग बरे करायला लागला. १८९५ साली आयोवातल्या डॅव्हनपोर्ट गावात त्यानं हार्वे लिलार्ड नावाच्या झाडलोट करणाऱ्या माणसाच्या पाठीचा मणका दाबला आणि त्याचं गेलेलं ऐकू येणं परत आलं, असा पामरचा दावा. दावा असा की, आजच्या डॉक्टरांना तो ऐकवला तर त्यांनाच ऐकू येईनासं होतं. पुढं १९०६ साली विनापरवाना वैद्यकी केल्याबद्दल पामरला शिक्षा झाली. दंड भरायचं नाकारून तो तुरुंगात गेला, आणि तीनेक आठवड्यांनी दंड भरून बाहेर आला. म्हणजे तत्त्वासाठी तुरुंगात जायचं आणि जेवणासाठी बाहेर यायचं, ही रीत केवळ आपल्याकडचीच नव्हे.

पण गंमत पुढंच आहे. या लोकांनी तुरुंगात जाऊन जाऊन सरकारला दमवलं. १९१३ साली कॅन्सस राज्यानं त्यांच्यासाठी परवान्याचा कायदा केला. मग एकेक राज्य करत करत १९७४ साली लुइझियानानं शेवटचा नंबर लावला. एकसष्ट वर्षं! आमच्या कचेरीत एवढा वेळ लागला असता तर लोकांनी वर्तमानपत्रात पत्रं लिहिली असती. तिथल्या डॉक्टरांच्या बड्या संघटनेनं यांच्याशी संबंध ठेवू नका म्हणून फतवा काढला होता, तर १९८७ साली न्यायालयानं त्या संघटनेलाच दोषी ठरवलं. तेव्हा आज तिथला मणके वाजवणारा रीतसर परवानाधारक आहे. कंबरदुखीला त्याचा थोडाफार उपयोग होतो असं अभ्यासकही मानतात. मान वळवताना रक्तवाहिनीला इजा होऊन पक्षाघात झाल्याच्या क्वचित नोंदी आहेत, हेही तेच सांगतात. मी मान वळवून हिच्याकडे बघणार होतो, ते तसंच राहू दिलं.

दुसऱ्या दिवशी समोरून वकीलसाहेब आले. वडगाव तालुक्याचं ठिकाण, इथं कोर्ट. त्यामुळं आमच्या गावात दगड भिरकावला तर तो एखाद्या वकिलाला लागतो आणि मग तुम्हांला दुसरा वकील करावा लागतो. हे आमचे निवृत्त. कायदा फुकट सांगायची त्यांना निवृत्तीनंतर सवय लागली आहे.

“वकीलसाहेब, आपल्याकडे कायरोप्रॅक्टरला परवाना कोण देतं?”

“कुणीच नाही, भाऊसाहेब. परदेशात शिकून आलेले काही मोठ्या शहरांतून बसतात. पण त्यांची परिषद नाही, त्यांची नोंदवही नाही, त्यांच्यासाठी वेगळा कायदा नाही.”

“म्हणजे गुन्हा?”

“हे बघा. आपल्याकडे १९६१ चा महाराष्ट्र वैद्यकव्यवसायी अधिनियम. त्याचं तेहतिसावं कलम म्हणतं, नोंदणी नसलेल्यानं वैद्यकी करायची नाही. केली तर तुरुंग. वर दिल्लीचा २०१९ चा कायदा, राष्ट्रीय वैद्यक आयोगाचा. त्यात विनानोंदणी डॉक्टरकीला एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आता मणका दाबणं ही वैद्यकी की मालिश, हा वादाचा मुद्दा. वादाचा मुद्दा म्हणजे वकिलाची फी.”

“आणि ते फिजिओ?”

“त्यांचं व्यवस्थित आहे. २००२ च्या कायद्यानं राज्यात व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार परिषद झाली, २०२१ मध्ये केंद्राचाही कायदा आला.”

“आणि आपले हाडवैद्य?”

वकीलसाहेबांनी चष्मा काढला. चष्मा काढून सांगायचा कायदा नेहमी वाईट असतो.

“जुन्या वैद्यांसाठी कायद्यात एक यादी होती. पदवी नसली तरी चालेल, पण १९४१ सालच्या नोव्हेंबरातल्या एका ठरावीक तारखेला तुम्ही वैद्यकी करत असला पाहिजेत.”

“त्या तारखेला वैद्यकी करणारा आज हयात असेल तर त्यालाच आधी वैद्याची गरज असेल!”

“तेच तर. केरळातले परंपरेनं शिकलेले वैद्य सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. २०१८ च्या एप्रिलात निकाल लागला. विद्या बापाकडून मिळाली म्हणून व्यवसायाचा हक्क मिळत नाही. पात्रता आणि नोंदणी लागते. आता बोला.”

मी काय बोलणार? मी फटाक्यांच्या दुकानाला चौदा कागद मागणारा माणूस. आणि ज्याच्या अंगठ्याखाली अर्ध्या मावळाची हाडं गेली त्याच्या नावाचा एकही कागद कुठल्या कचेरीत नव्हता.

“एवढा कागदाचा सोस कशाला पण?” मी म्हटलं. “हात चांगला असला की झालं.”

“भाऊसाहेब, तुम्ही हे म्हणताय? अहो, आपल्या गावाचंच बघा. १७७९ चा तह. कोंडीत सापडलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी सह्या केल्या, साष्टी परत देऊ म्हणाले, सुटून गेले. आणि वरचे साहेब काय म्हणाले? सही करणाऱ्यांना अधिकारच नव्हता, आम्ही हा तह मानत नाही. झालं! ज्याच्यावर विसंबायचं त्याला अधिकार आहे का, हे आधी विचारलं नाही की पुढं जाब विचारायला दार राहत नाही. परवाना म्हणजे हुशारीचा दाखला नव्हे. चुकलं तर कुणाच्या दारात जायचं, तो पत्ता.”

वकीलसाहेब चहा पिऊन गेले. मी माझ्या डाव्या हाताकडे बघत राहिलो.

हा हात मी सहसा कुणाला दाखवत नाही. कोपरात तो पुरता सरळ होत नाही. दुपारी पावणेतीन वाजता घड्याळ बंद पडावं तसा एका ठिकाणी थांबतो. १९७१ साली, नऊ वर्षांचा असताना, पवन मावळातल्या आमच्या गावी मी जांभळीवरून पडलो. एसटी दिवसातून एकदा यायची आणि ती गेलेली होती. वडिलांनी मला खांद्यावर टाकून हाडवैद्य तात्यांकडे नेलं. तात्या भात लावत होते. चिखलाचे हात धुऊन आले, माझा कोपर हातात घेतला आणि डोळे मिटले. आज फोटो काढायचं यंत्र जे काम करतं ते तात्यांचा अंगठा करायचा. “पोरा, तुझ्या गाईचं नाव काय?” त्यांनी विचारलं. मी ‘कपिला’ म्हणेपर्यंत हाड बसलेलं होतं. ‘कपि’ मी बोललो आणि ‘ला’ किंचाळलो. मग अंड्याचा बलक, हळद, चिंध्या, आणि वरून बांबूच्या कामट्या आवळून बांधल्या. “तीन दिवस सोडायचं नाही,” असं बजावलं. घेतला तो सव्वा रुपया आणि नारळ. नारळही फोडून अर्धा मलाच दिला.

त्याच रात्री माझी बोटं सुजली, मग निळी पडली. मी रडत होतो, वडील म्हणत होते तात्यांनी सांगितलंय, सोडायचं नाही. पहाटे आईनं कुणालाही न विचारता विळीनं सुतळी कापली. पुढं कधीतरी एका डॉक्टरनं सांगितलं, की तुमच्या आईनं आणखी काही तास वाट बघितली असती तर हात गेला असता. हात राहिला, वाकडा राहिला. वडिलांनी तात्यांना कधी एका शब्दानं विचारलं नाही. कुणाला विचारणार? ज्यानं आजोबांची मांडी बसवली, चुलत्याचा खांदा बसवला, बैलाचासुद्धा पाय बसवला, त्याच्या विरुद्ध कुठल्या कचेरीत अर्ज करायचा? आणि अर्ज करून पुन्हा गावात कुणाचा हात मोडला तर जायचं कुठं?

त्र्याऐंशी साली मी पोलीस भरतीला गेलो. धावण्यात पास झालो, छाती फुगवण्यात पास झालो. मग साहेब म्हणाले, “दोन्ही हात समोर, सरळ.” मी केले. “डावा सरळ करा.” म्हटलं, “साहेब, हा एवढाच होतो.” त्यामुळं मी पोलीस न होता कारकून झालो, आणि परवान्यांच्या टेबलावर येऊन बसलो. नशिबाला विनोदबुद्धी असते, फक्त ती आपल्याला उशिरा कळते.

चौथ्या दिवशी डावा पाय मुंग्या आल्यासारखा झाला, तेव्हा हिनं रिक्षा बोलावली. “स्टेशनच्या रस्त्याला तात्यांचा नातू बसतो म्हणे. तिथं चला.”

“कुठला तात्या?”

“तुमचाच.”

मी रिक्षात गप्प बसलो. खड्ड्यागणिक मात्र बोललो.

दवाखाना दोन खोल्यांचा. भिंतीवर परिषदेचं नोंदणीपत्र चौकटीत लावलेलं, नंबरासकट. सवयीनं मी आधी मुदत वाचली, चालू होती. त्याच्याच शेजारी, त्याच मापाच्या चौकटीत, टोपी घातलेले तात्या. आता हा पोरगा मला कट्‌कन वाजवणार म्हणून मी डोळे मिटून घेतले. पण तो नुसतेच प्रश्न विचारत बसला. पाय कुठं बधिर वाटतो, लघवीला त्रास आहे का, रात्री दुखतं का. पाय उचलून बघितला, टाचेवर चालवलं. मग म्हणाला, “काका, आज मी हात लावणार नाही. आधी तळेगावला हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, फोटो काढा. ते म्हणाले तर मग माझ्याकडे या, व्यायाम देतो.”

मला जरा फसवल्यासारखं वाटलं. आवाज नाही, तेल नाही, साधी लाथसुद्धा नाही! ज्याला पूर्ण परवाना आहे तोच हात लावायला घाबरतो, आणि बंड्या धावत येऊन मारतो. नंतर वाटलं, परवान्यातली अर्धी विद्या हीच असावी: कुठं थांबायचं ते.

मी उठताना त्यानं सहज माझा डावा हात धरला. अंगठा कोपरावर गेला. डोळे मिटले. चोपन्न वर्षांनी मला पुन्हा चिखलाचा वास आला.

“आजोबांचा दिसतोय,” तो म्हणाला.

मी म्हणणार होतो, नाही बाबा, दुसऱ्याच कुणाचा. मेलेल्या माणसाच्या नातवाला कशाला दुखवायचं? पण तोंडातून आलं, “कशावरून?”

“मावळात असे सात-आठ कोपर बघितलेत मी. सगळे असेच थांबतात.” मग तात्यांच्या फोटोकडे बघत म्हणाला, “आजोबांना खरंच वाटायचं, आपल्या हातून कधीच चूक झाली नाही. खोटं नव्हते बोलत. ज्यांचं हाड नीट बसलं ते नारळ घेऊन परत यायचे. ज्यांचं बिघडलं ते येतच नव्हते. मग त्यांना कळणार कसं? तुम्ही आला होता का सांगायला?”

नव्हतो आलो. आम्हीच नव्हतो आलो. चोपन्न वर्षं मी मनात तात्यांवर रुसून होतो, की यांना जाब विचारायला दार नव्हतं. पण त्यांचंही तेच झालं होतं. चूक दाखवायला त्यांच्या दारात कुणी गेलंच नाही. त्या सात-आठ जणांपैकी पहिला जरी गेला असता, तरी त्या हुशार म्हाताऱ्यानं पुढच्याची सुतळी सैल बांधली असती. कदाचित ती माझी असती.

पोरानं टेबलावरची वही पुढं ओढली. वही बघून मला बरं वाटलं. रकाने आखलेले होते, शाई निळी होती. “म्हणून मी वही ठेवलीय,” तो म्हणाला. “बरे होतात ते लिहितो, होत नाहीत तेही लिहितो. न येणाऱ्यांना फोन करतो.” त्यानं माझी कंबर लिहिली.

“एक जुनी नोंद राहिलीय,” मी म्हटलं. “तीही घे.”

तो क्षणभर थांबला, मग लिहायला लागला. डावा कोपर. साल १९७१. उपचार करणारा या रकान्यात त्यानं आजोबांचं पूर्ण नाव घातलं. फीच्या रकान्यात सव्वा रुपया आणि नारळ. शेवटचा रकाना होता, गुण आला का? पेन वर धरून त्यानं माझ्याकडे बघितलं.

तात्यांकडे बघून मी म्हटलं, “लिही, थोडा.” सरकारी नोकरीत चौतीस वर्षं काढल्यावर कुठल्या रकान्यात काय भरायचं एवढं कळतं. आणि ते खोटंही नव्हतं. पाऊण हात तर मला तात्यांनीच दिला होता.

तळेगावला फोटो निघाला. मणक्यातली चकती जरा बाहेर डोकावत होती. ऑपरेशनची गरज नव्हती. आता रोज सकाळी मी सतरंजीवर पालथा पडून नागासारखी मान वर करतो आणि ही फडा काढलेल्या नागाला चहा देते. ते पोतं शेजारच्या पोरानं, म्हणजे बंड्याच्या थोरल्या भावानं, एका हातानं उचलून आत ठेवलं.

“डॉक्टर शेवटी काय म्हणाले?” हिनं विचारलं.

“यापुढं वजन उचलू नका म्हणाले.”

“मी काय म्हणत होते त्या दिवशी?”

यावर उत्तर नव्हतं. निदान चूक, उपाय अचूक, फी शून्य, आणि नाव कुठल्याच परिषदेच्या वहीत नाही. पण वकीलसाहेबांची कसोटी लावली तर या वैद्याचा पत्ता माझ्याकडे पक्का आहे. चुकलं तर जायचं त्याच दारात. फक्त चूक माझीच निघते.